करवंदं संपली की विचारा

त्या दिवशी बाबांनी गोळ्यांची पट्टी माझ्या हातावरून पुढे नेली आणि वहिनीच्या हातात दिली. मी ओटीवर त्यांच्या शेजारीच बसलो होतो. सवयीने माझा हात पुढे गेला होता. तो थोडा वेळ तसाच राहिला, मग मी त्याच हाताने मान खाजवली.

"बघ गो बाय, ही जेवच्या आधी काय मागसून?" बाबांनी विचारलं.

"आधी, बाबा. सकाळी उपाशीपोटी," वहिनी म्हणाली आणि पट्टी परत देऊन चुलीकडे गेली.

झालं एवढंच. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं, असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. पण आमच्या घरात वाचणारा मी होतो. आईला सही येते, बाबांना बसच्या पाट्या लागतात, दादाने दहावीत शाळा सोडली आणि चिऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. पाचवीत असल्यापासून विजेचं बिल, तलाठ्याचा कागद, खताच्या पिशवीवरची सूचना, सगळं माझ्याकडे यायचं. मी बारावी झालो आणि कुडाळला बीएस्सीला गेलो, तेव्हा बाबा कसालच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं त्याआधी कोणी नाही. त्या मानाची मला सवय झाली होती, आणि ती किती झाली होती हे वहिनी आल्यावर कळलं.

वहिनी माघात लग्न होऊन आली. माहेर खारेपाटणकडचं. शिक्षण बारावीपर्यंत, मग दोन वर्षं एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला. नावं लिहायची, पुड्या बांधून द्यायच्या, कोणाला कधी परत बोलावलंय ते सांगायचं. तिच्या बोलण्यात दवाखान्याची भाषा मिसळलेली होती. ती आमच्यासारखं 'माका, तुका' फारसं बोलायची नाही, पण त्यामुळे आई-बाबांना ती परकी वाटली नाही. उलट मी घरात शुद्ध बोललो की आई म्हणायची, "आयलो मोठो सायब," आणि वहिनी तसंच बोलली की म्हणायची, "किती गोड बोलता."

बाबांचा गॅस वैशाखात सुरू झाला. म्हणजे आम्ही त्याला गॅस म्हणायचो. जेवण झालं की वर पोटात जड व्हायचं, ढेकर यायचे, कधी जळजळायचं. आईने आधी फणसाला दोष दिला, मग काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला. फणस बंद झाला, वाटाणे बंद झाले. सकाळी ओवा, दुपारी हिंग घातलेली फुटी कढी, म्हणजे नारळाचं दूध न घालता केलेलं कोकमाचं पाणी. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी बाबा मेडिकलमधून ती पट्टी घेऊन आले.

मी कॉलेजात पचनसंस्था शिकलो होतो. जठरात काय पाझरतं, लहान आतड्यात काय होतं, हे मला आकृती काढून सांगता आलं असतं. एकदा मी ते बाबांना सांगायला सुरुवातही केली. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि मध्येच म्हणाले, "ता सगळा खरा रे. पण आता ढेकर येना नाय, त्याका काय करू?" वहिनीने कोपऱ्यातून सांगितलं, "बाबा, जेवून लगेच आडवे होऊ नका. जरा अंगणात फिरा." बाबा उठून फिरायला लागले. चार फेऱ्या मारल्यावर त्यांना मोठा ढेकर आला आणि ते माझ्याकडे बघून हसले. ते हसणं माझ्यावर नव्हतं. पण मला ते तसंच लागलं.

मग मी वहिनीच्या चुका शोधायला लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. तिने 'कॅप्सूल'चा उच्चार कसा केला, थर्मामीटर किती वेळ ठेवला, याकडे माझं लक्ष असायचं. चुका फारशा सापडायच्या नाहीत. सापडल्या तरी त्याने कोणाचं काही बिघडायचं नाही.

जेठ लागायच्या सुमारास एकदा ती मागीलदारी भांडी घासत होती. मी पाणी ओढत होतो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती हळूच म्हणाली, "भावजी, बाबांना एक विचाराल? मला विचारवत नाही."

"काय?"

"संडासला काळं होतं का? म्हणजे डांबरासारखं. चिकट."

मला हसू आलं. ती हसली नाही. म्हणाली, "आमचे डॉक्टर गॅस म्हणून आलेल्या प्रत्येकाला विचारायचे. पडद्याच्या अलीकडे बसून मी रोज ऐकायची. बहुतेकांचा गॅस तो गॅसच असायचा. हळू जेवा, आठ दिवस वाटाणे सोडा, म्हणून घरी पाठवायचे. पण विचारल्याशिवाय कोणाला सोडायचे नाहीत. भूक कमी झाली का, अंग उतरलं का, दुखण्याने झोपेतून जाग येते का, घास अडकतो का. आणि हे काळं."

"आणि तसं असलं तर?"

"तर पोटात कुठे तरी रक्त जात असेल. तिथे थांबायचं नाही. पोट दगडासारखं फुगलं, उलट्या होतायत आणि वारापण सरत नाही, असं झालं तरी थांबायचं नाही. छातीत दाबलं आणि घाम आला तर ओवा खात बसायचं नाही. तसं बाबांना काही नाही. पण ते काळ्याचं कोणी विचारलंच नाही." मग तिने आणखी एक विचारलं, "बाबा दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतात का? दुखण्याच्या वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

ते मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच आठवलं नाही. काजूच्या दिवसांत दिवसभर वाकून बिया गोळा करून बाबांची कंबर धरते. त्यावर ते एक गोळी घेतात. हायवेच्या नाक्यावर ती सुटी मिळते, आणि कॉलेजातून येताना ती मीच आणून द्यायचो, दहा-दहा. ती पानाच्या चंचीत सुपारीबरोबर असायची. आमच्याकडे कोणी तिला औषधात धरत नाही. ती कमरेची गोळी.

काळ्याचं मात्र मी विचारलं. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर काजूच्या बागेत कुंपण बांधायला गेलो होतो, तिथे. प्रश्न वहिनीचा आहे हे सांगितलं नाही. माझाच असल्यासारखा विचारला.

बाबा काठी रोवता रोवता थांबले. "काळा होता रे. मगे? करवंदां खातंय ना."

आणि ते खातच होते. बागेच्या कडेला जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. काम करताना हात जायचा तो जाळीतच जायचा. आमच्या गावात मे महिन्यात कोणाचं काळं होत नाही? करवंदं, मग जांभळं. लहानपणी आम्ही जिभा दाखवून भांडायचो, कोणाची जास्त काळी म्हणून. मला फार बरं वाटलं. बाबांसाठी वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त यासाठी वाटलं, की वहिनीच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर अगदी साधं निघालं होतं.

घरी येऊन मी तिला सांगितलं. बाबांची नक्कल करून सांगितलं, "काळा होता रे, मगे? करवंदां खातंय ना." ती हसली. "हां, त्याने होतं तसं," म्हणाली. मग तांदूळ निवडायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "करवंदं संपली की परत विचारा."

मी बरं म्हणालो.

करवंदं संपली. जांभळं संपली. भाताच्या रोपांचा तरवा वर आला आणि लावणीचे दिवस आले. बाबांचा गॅस काही गेला नाही. पेज अर्धी ठेवून उठायचे. चालताना मध्येच उभे राहायचे आणि लांब कुठे तरी बघायचे, जणू काही आठवतायत. कॉलेज सुरू झालं होतं, पण लावणीसाठी मी घरी राहिलो होतो.

एका संध्याकाळी शेजारचे काका ओटीवर येऊन बसले. बाबा त्यांना सांगत होते, "आमची सून म्हणजे अर्धी डॉक्टरीण. तिना सांगल्यान तसा केलंय की बरा वाटता."

काका माझ्याकडे वळले. "आणि तू रे? इतकी वर्सा कॉलेजात जातस, तुका बापाशीच्या गॅसचा कळना नाय?"

"तो बेडकां फाडता," बाबा म्हणाले, आणि दोघे हसले.

मी पण हसलो. मग उठून मागे गेलो. तिथे वहिनी चूल सारवत होती. मला बघून तिने विचारलं, "भावजी, परत विचारलंत का बाबांना? आता करवंदं नाहीत."

मी विचारलं नव्हतं. विसरलो होतो असंही नाही. दोनदा तोंडावर आलं होतं. पण प्रत्येक वेळी वाटलं, हा प्रश्न आपला नाही, तिचा आहे. आपण नुसते निरोप्ये. आणि उत्तर काही निघालं तर बाबा पुन्हा म्हणणार, सुनेने ओळखलं.

"विचारलं," मी म्हणालो. "साफ आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाली.

मी तिथून विहिरीकडे गेलो आणि उगाच पाय धुतले. उद्या खरंच विचारू, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमचीच लावणी होती, माणसं आली होती, आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे आमची परतफेडीची लावणी होती. आम्ही सगळे तिथे गेलो.

त्या दिवशी सकाळी उघडीप होती. बायका ओळीने लावत पुढे सरकत होत्या, बाबा आणि मी तरव्याच्या मुठी फेकत होतो. बाबांची एक मूठ फार अलीकडे पडली. मग दुसरीपण. शेजारच्या काकी वाकल्या वाकल्याच ओरडल्या, "काय ओ, हात खंय गेलो तुमचो? रात्री सुनेन जेवूक नाय घातल्यान?"

"गॅस धरलो गो," बाबा म्हणाले आणि चिखलातच खाली बसले. बसले म्हणजे पाय दुमडून गेले.

बायका हसत होत्या. बाबा कधी कधी असं सोंग करायचे. माझ्याही तोंडावर हसू होतं. वहिनी ओळीतून सरळ उठली, चिखलाचे हात लुगड्याला पुसत त्यांच्याजवळ आली आणि तिने अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून बघितली. सासऱ्याच्या तोंडाला सुनेने हात लावलेला आमच्या वाडीत कोणी बघितला नसेल. हसणं थांबलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांसमोर, "संडासला काळं होतं?"

बाबा चिखलाकडे बघत होते. "होय गो बाय."

"कधीपासून?"

"करवंदांपासून."

"करवंदं जाऊन महिना झाला, बाबा."

वहिनीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त बघत होती, आणि मग दादाला फोन लावायला सांगून बाबांच्या पाठीमागे टेकू देऊन बसली.

दादाने शेजारची रिक्षा पाठवली आणि तो पुढे सरकारी दवाखान्यातच भेटला. रिक्षात मध्ये बाबा, त्यांचं डोकं वहिनीच्या खांद्यावर, मी कडेला. वाटेत बाबा दोनदा म्हणाले, "काय नाय रे, गॅस आसा." त्यांच्या नखांकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. चिखल धुतला गेला होता तिथे ती कागदासारखी पांढरी होती.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तेच विचारलं जे वहिनीने मला मागीलदारी विचारलं होतं, जवळजवळ त्याच क्रमाने. काळं कधीपासून, भूक, वजन. मग, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"नाय," बाबा म्हणाले.

आणि तेव्हा मला चंची आठवली. दादा, वहिनी, सगळे तिथे उभे होते. मी म्हणालो, "घेतात. कमरेसाठी. काजूच्या दिवसांपासून. मी आणून देतो."

"रोज?"

"लावणीच्या दिवसांत दोन-दोन," बाबा हळूच म्हणाले.

त्या गोळीने जठरात जखम झाली होती आणि तिच्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी ती बघितली. बाबांना रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, जखम औषधाने भरेल, ती गोळी मात्र आता कधीच नाही. आणि हेही म्हणाल्या, की आणखी उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती. हे त्या साध्या आवाजात म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

संध्याकाळी दादा चहा आणायला गेला तेव्हा व्हरांड्यात मी आणि वहिनीच होतो. मी खूप वेळ वाक्य जुळवत होतो. शेवटी जुळलं नाही तसंच बोललो. "वयनी, मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला."

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"पहिल्या खेपेला तुम्ही बाबांसारखं करून सांगितलंत. दुसऱ्यांदा नुसतं 'साफ आहे' म्हणालात. बाबा 'साफ आहे' असं कधी बोलतील?"

तीच पुढे म्हणाली, "ठाऊक असून मीपण गप्प बसले. सुनेने कसं विचारायचं म्हणून. तीन दिवस." मग तिने पदराने तोंड पुसलं. ती रडत होती की घाम पुसत होती, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

का विचारलं नाहीत, हे तिने मला कधीच विचारलं नाही. तिला ते ठाऊक असावं असं मला वाटतं, आणि ते तिला ठाऊक आहे याचाही मला त्रास होतो.

बाबा घरी आले. बघायला माणसं येऊ लागली. जो येईल त्याला बाबा सगळं सांगायचे. ज्या गोष्टीचं नाव काढायला ते स्वतःच्या मुलाजवळही संकोचायचे, ती आता ओटीवर बसून चार माणसांत, हातवारे करून. "डांबरासारखा काळा. मी म्हणतंय करवंदां. सुनेन चिखलात इचारल्यान म्हणान वाचलंय." माणसं वहिनीकडे बघायची. ती पाणी देऊन आत जायची.

मी प्रत्येक वेळी तिथे असायचो. प्रत्येक वेळी तिथून उठून विहिरीकडे जावंसं वाटायचं. आपला बाप वाचला, आणि तो कोणामुळे वाचला हे ऐकताना आपल्याला असं व्हावं. मला वाटलं होतं की एवढं झाल्यावर ते जाईल. गेलं नाही.

एके दुपारी ओटीवर आम्ही दोघेच असताना मी बाबांना सांगितलं. वहिनीने मला परत विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही, आणि तिला खोटंच सांगितलं. गोळीचंही तिने विचारलं होतं. सगळं सांगितलं, फक्त का केलं ते सोडून.

बाबा पान लावत होते. आता चंचीत फक्त पान-सुपारी होती. त्यांनी चुना लावलेलं पान तसंच हातात धरलं.

"जावंदे रे," ते म्हणाले. "तू इचारलं असतंस तरी मी तुका काय खरा सांगतलंय होतंय? तुझा वय ता काय. तुका ह्या कळाचा नाय."

वहिनी माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे.

मला वाटलं होतं ते चिडतील. निदान दोन दिवस बोलणार नाहीत. त्याची मी तयारी करून बसलो होतो. पण त्यांनी पान तोंडात टाकलं, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि वहिनीला हाक मारली, औषधाची वेळ झाली का म्हणून. तिला पाच मिनिटं उशीर झाला होता. तिच्यावर ते खरोखर रागावले, "खंय होतस गो? तुझ्यार इस्वास ठेवन बसलंय मी," आणि ती "आले, बाबा, आले" म्हणत धावत आली.

त्या रागाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा त्यांनी केलेल्या कुठल्याच कौतुकाचा वाटला नव्हता.